पानाखाली जेवण आहे का? पेवॉल आणि तो ओलांडणारी साधनं

जानेवारीचा शेवट होता. कलमांवर मोहोर, हवेत फवारणीचा वास, आणि माझ्या दुकानात बोर्डाच्या पोरांची हॉल तिकिटं काढायला रांग. देवगडात एसटी स्टँडच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. रांग जरा ओसरल्यावर जामसंड्याकडचे एक बागायतदार काका आत आले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "ह्या बघ रे झिला. दोन वळी दिसल्यो नि पडदो पडलो."

बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी दोन लिंका टाकल्या होत्या. एक इंग्रजी वर्तमानपत्रातली, आंब्याच्या निर्यातीवरची. दुसरी एका संशोधन नियतकालिकातली, थ्रिप्स या किडीवर कोणती औषधं आता चालेनाशी झाली आहेत यावरची. काकांना खरी गरज दुसरीची होती. गेले काही हंगाम थ्रिप्सने इथल्या बागायतदारांना रडवलंय. एका फवारणीचा खर्च किती आणि त्यातलं फुकट किती जातं, हे ज्याची कलमं आहेत त्याला विचारा.

पहिली लिंक मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडली. दुपारी आमच्याकडे नेट असं चालतं, की सिग्नल विजयदुर्गाहून चालत येत असावा. पेज आलं आणि लेख वरपासून खालपर्यंत दिसला. काकांनी खिशातून चष्मा काढून लावेपर्यंत वरून पांढरट थर उतरला, अक्षरं पुसट होत गेली आणि मधोमध चौकट आली: पुढे वाचण्यासाठी सदस्य व्हा. काका म्हणाले, "मगाशी सगळा दिसत होता मरे!"

हो, दिसत होता. पैसे भरल्याशिवाय वाचू न देणारी ही भिंत म्हणजे पेवॉल. ती कशी चालते हे समजायला त्या तीन-चार सेकंदांइतका चांगला धडा नाही, आणि तो आमच्या रडक्या नेटवर्कमुळे मिळाला.

समजा पंगतीत तुमच्यापुढे ताट वाढून ठेवलं आणि वर केळीचं पान उपडं झाकलं. "आधी पाकीट द्या, मग पान उचला," असं यजमानाने सांगितलं. जेवण तुमच्या पुढ्यात आहे, फक्त दिसत नाही. पहिली लिंक अशी होती. अख्खा लेख त्यांच्या सर्व्हरवरून निघून माझ्या कॉम्प्युटरमध्ये पोचला होता. त्याच्यासोबत सूचनांचा एक छोटा गठ्ठा आला होता. त्याला जावास्क्रिप्ट म्हणतात. हा वाचक सदस्य आहे का बघ, नसेल तर वर पडदा टाक, असं त्या सूचना ब्राउझरला सांगत होत्या. नेट मंद, त्यामुळे लेख आधी पोचला आणि पडद्याच्या सूचना मागाहून. मधल्या वेळात काकांना पानाखालचं ताट दिसलं.

दुसरी लिंक उघडली. लेखाचं नाव, लेखकांची नावं, दीडशे-दोनशे शब्दांचा सारांश, आणि खाली संपूर्ण लेखाची किंमत डॉलरमध्ये. इथे कितीही हळू नेट असतं तरी काही दिसलं नसतं, कारण लेख त्यांच्या सर्व्हरवरून निघालेलाच नव्हता. ताट वाढलंच नव्हतं, जेवण आत चुलीवर होतं.

पेवॉल ओलांडून देतो म्हणणारं कोणतंही साधन कोणी तुम्हाला सांगितलं, तर हा एकच प्रश्न विचारायचा: जेवण पानाखाली आहे की चुलीवर? पानाखाली असेल तर पान सरकवायच्या दहा युक्त्या निघतात. चुलीवर असेल तर स्वयंपाकघरात जायचा हक्क असलेला कोणीतरी लागतो, किंवा तेच जेवण दुसऱ्या कुठल्या घरी शिजलेलं असावं लागतं.

पानाखालच्या युक्त्या साध्या असतात. ब्राउझरमध्ये वाचनासाठी एक साधा मोड असतो. तो जाहिराती, चौकटी, रंग काढून नुसता मजकूर दाखवतो. मजकूर आलेला असेल तर कधीकधी तो पडद्यासकट सगळं बाजूला करतो. जावास्क्रिप्ट बंद केली तर पडदा टाकायची सूचनाच चालत नाही. या सोयी मुळात डोळ्यांना त्रास असलेल्यांसाठी, मंद नेटसाठी, सुरक्षिततेसाठी आहेत. पेवॉल उघडणं हा त्यांचा आडपरिणाम. आणि तो आता दिवसेंदिवस कमी दिसतो, कारण वर्तमानपत्रंही शहाणी झाली. बरीच जण हल्ली पहिले दोन परिच्छेदच पाठवतात आणि उरलेलं चुलीवर ठेवतात.

मधला प्रकार मोजणीचा. महिन्याला इतके लेख फुकट, मग पैसे. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये हा प्रकार सुरू केला तेव्हा महिन्याला २० लेख फुकट होते, पुढच्याच वर्षी ते १० केले. वॉल स्ट्रीट जर्नल त्याच्याही आधीपासून, १९९७ पासून पैसे घेत होतं, पण मोजून फुकट द्यायची ही पद्धत न्यूयॉर्क टाइम्सनंतर जगभर पसरली.

मोजायचं कसं? इथे गंमत आहे. उधारीची वही दुकानदाराने स्वतःकडे ठेवायची, तर यांनी ती गिऱ्हाइकाच्या खिशात ठेवली. वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवते, "याने आज सातवा लेख वाचला" अशी. हीच कुकी. पुढच्या वेळी आलात की वेबसाइट तुमच्याच खिशातली चिठ्ठी वाचते. आता गिऱ्हाइकाने चिठ्ठी फाडून टाकली, म्हणजे कुकी पुसल्या, की तो पुन्हा नवा. गुप्त खिडकी, म्हणजे इनकॉग्निटो, उघडली की खिसाच कोरा. मग वर्तमानपत्रांनी गुप्त खिडकी ओळखायची युक्ती शोधली. साठवणुकीची एक विशिष्ट सोय क्रोमच्या गुप्त खिडकीत बंद असायची, ती आहे का हे तपासलं की झालं. जुलै २०१९ मध्ये क्रोमच्या ७६व्या आवृत्तीत गूगलने ती फट बुजवली आणि वर्तमानपत्रांची पंचाईत झाली. त्यांनी पुढचा उपाय केला: फुकट वाचायचं तरी ईमेल देऊन लॉगिन करा. आता वही दुकानदाराकडे आली. खिसा झटकून उपयोग नाही.

हा सगळा पाठशिवणीचा खेळ पाहिला की प्रश्न पडतो, की वर्तमानपत्रं सरळ कुलूप का लावत नाहीत? फट ठेवतातच कशाला?

गूगलमुळे. लेख पूर्ण बंद ठेवला तर गूगलच्या बॉटला, म्हणजे वेबपानं आपोआप वाचत फिरणाऱ्या त्याच्या प्रोग्रामला, तो वाचता येणार नाही, बॉटने वाचला नाही तर तो शोधात वर येणार नाही, आणि शोधात आला नाही तर नवा सदस्य कुठून मिळणार? म्हणून मागच्या दाराने बॉटला जेवण द्यायचं आणि पुढच्या दाराला कुलूप. गूगलची जुनी अट तर अशी होती, की आमच्या शोधातून येणाऱ्या माणसाला पहिला लेख फुकट दाखवा. त्यामुळे लेखाचं शीर्षक गूगलमध्ये टाकून आत शिरायची युक्ती अनेक वर्षं चालली. ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलने ती अट काढली. किती नमुना द्यायचा ते तुम्हीच ठरवा, असं प्रकाशकांना सांगितलं.

पण बॉटचं मागचं दार राहिलंच. बरीच साधनं याच दारावर उभी होती. आमच्याकडे दशावतारात साडी नेसून उभा राहिलेला पुरुष ओळखू येत नाही. तशी ही साधनं वर्तमानपत्राच्या सर्व्हरपुढे गूगलच्या बॉटचा वेष घेऊन उभी राहायची. प्रत्येक ब्राउझर वेबसाइटला आपलं नाव सांगतो. हे साधन "मी गूगलबॉट" असं सांगायचं आणि भोळा सर्व्हर पूर्ण लेख काढून द्यायचा. ट्वेल्व्ह-फूट लॅडर, म्हणजे बारा फुटी शिडी, हे त्यातलं प्रसिद्ध नाव. दहा फुटी भिंत दाखवा, आम्ही बारा फुटी शिडी आणतो, असा त्यांचा डौल. पण वेष घेतला तरी पत्ता बदलत नाही. खरा बॉट कोणत्या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे नेटवरच्या कोणत्या ठिकाणांवरून, येतो त्याची यादी गूगल स्वतःच जाहीर करतं. ती तपासायला लागल्यावर नुसती साडी पुरेनाशी झाली. शेवटी जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वृत्तप्रकाशकांच्या संघटनेने ती शिडीच बंद पाडली. तुम्हाला यूट्यूबवर अजूनही तिचं नाव सांगणारे व्हिडिओ सापडतील. ते बघून काका लोक माझ्याकडे येतात आणि "चालत नाय ह्या" म्हणून मलाच सुनावतात.

दुसरी जात संग्रहांची. इंटरनेट अर्काइव्ह ही अमेरिकेतली ना-नफा संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवते. तिचं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे. तिचा हेतू पेवॉल ओलांडणं नाही, आठवण जपणं आहे. सरकारी वेबसाइटवरचं जुनं परिपत्रक नव्या रंगरंगोटीत गायब झालं, तर मी पहिल्यांदा तिथेच जातो, आणि दोन-तीनदा लोकांचं काम त्याने झालंय. आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रतींवरून मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश निघाला आणि अडवायच्या वेबसाइटांच्या लांबलचक यादीत हा अख्खा संग्रह काही दिवस अडकला. गवत काढताना कलम छाटलं गेलं, त्यातला प्रकार. गूगलही स्वतःकडची पानांची प्रत दाखवायचं, ती सोय त्यांनी २०२४ मध्ये बंद केली. आणि अलीकडे काही मोठी वर्तमानपत्रं संग्रहांच्या बॉटलाही दार बंद करू लागली आहेत, कारण एआय कंपन्या तिथून मजकूर उचलतील ही भीती. भांडण दोन मोठ्यांचं आणि बंद झालं वाचनालय.

तिसरी जात एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या तुकड्यांची. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण हात पोळलेत.

ही एक्स्टेन्शन वरच्या सगळ्या युक्त्या एकत्र करतात: या वर्तमानपत्राची कुकी पूस, त्याची जावास्क्रिप्ट अडव, तिसऱ्याकडे बॉटचा वेष घे. त्यासाठी त्यांना एक परवानगी लागते, "सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे". हे वाक्य लोक न वाचता पुढे ढकलतात. त्याचा अर्थ शब्दशः घ्या. तुम्ही बँकेत लॉगिन केलं, ते त्याला दिसतं. आधारचा ओटीपी टाकला, तोही दिसतो. त्यातलं एक नावाजलेलं एक्स्टेन्शन प्रकाशकांच्या तक्रारीवरून ऑगस्ट २०२४ मध्ये गिटहब या प्रोग्राम ठेवायच्या वेबसाइटवरून काढलं गेलं, त्याच्या साडेतीन हजारांहून जास्त प्रतींसकट. मूळ गेलं की नावाशी खेळणाऱ्या नकला उगवतात. अशीच एक नक्कल मी दोन वर्षांपूर्वी दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकली, एका इंग्रजी लेखाच्या मोहाने. लेख उघडला. तिसऱ्या दिवसापासून गूगलच्या जागी भलतंच शोधपान, दर क्लिकला जाहिरात, आणि प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख त्याच दिवशी. बाहेर पोरं आणि त्यांच्या आया उभ्या, आत मी मशीन फॉरमॅट करतोय. त्या लेखाची सदस्यता काढली असती तर नुकसानीच्या पाव भागात झाली असती. दुकानातल्या त्या मशीनवर गावातल्या निम्म्या लोकांची कागदपत्रं येतात, या विचाराने मला अजून कसंसंच होतं.

आणि व्हीपीएन. "व्हीपीएन लावलं की सगळं उघडतं ना?" हा माझ्याकडे आठवड्यातून एकदा येणारा प्रश्न. नाही. व्हीपीएन पेवॉल उघडत नाही. ते वेगळ्या भिंतीचं औषध आहे.

तुमचा आयपी पत्ता म्हणजे गाडीची नंबर प्लेट. एमएच-०७ दिसली की पोलिसाला कळतं गाडी सिंधुदुर्गाची, एमएच-०८ असेल तर रत्नागिरीची. तसं आयपीवरून वेबसाइटला कळतं की हा भारतातून आला. काही पुस्तकं अमेरिकेत कॉपीराइटमुक्त झालेली असतात, भारतात नसतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, अमेरिकेचा जुन्या पुस्तकांचा हिशेब प्रकाशनाच्या वर्षावरून चालतो. त्यामुळे हाथीट्रस्टसारख्या मोठ्या डिजिटल ग्रंथालयात एकच पुस्तक बॉस्टनहून पूर्ण उघडतं आणि कणकवलीहून नुसतं नाव दाखवतं. व्हीपीएन म्हणजे दुसऱ्या राज्याच्या नंबर प्लेटची भाड्याची गाडी. तुम्ही कुठून आलात ते वेबसाइटला दिसत नाही, पण तुम्ही कुठे कुठे फिरलात ते गाडीवाल्याला सगळं ठाऊक असतं. फुकटच्या व्हीपीएनचा गाडीवाला पेट्रोलचे पैसे कुठून काढतो, याचा विचार करावा. भारतात व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही. मात्र एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले.

जुनी पुस्तकं हवी असतील तर मात्र एवढा खटाटोप बहुतेक वेळा लागतच नाही. रत्नागिरी आणि सावंतवाडीचं ब्रिटिश गॅझेटियर १८८० चं, ते इंटरनेट अर्काइव्हवर अख्खं फुकट आहे. गावच्या वाडीचा, देवळाचा, बंदराचा इतिहास शोधणारे कितीतरी जण त्याची पानं माझ्याकडून प्रिंट करून नेतात.

आता काकांच्या थ्रिप्सकडे. इथे मला राग येतो, तो लपवत नाही.

वर्तमानपत्राने पैसे मागितले तर मला पटतं. बातमीदार पगारावर असतो, छपाईला, सर्व्हरला खर्च असतो. संशोधनाचं गणित वेगळं आहे. प्रयोग बहुतेक वेळा सरकारी पैशाने होतो. लेख लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला नियतकालिक मानधन देत नाही. लेख तपासणारे दुसरे शास्त्रज्ञ, तेही सहसा फुकट तपासतात. मग प्रकाशक तो लेख त्याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांना वर्गणी लावून विकतो, आणि सुट्टा घ्यायचा तर काकांसारख्याला तीस-चाळीस डॉलर पडतात, म्हणजे तीन हजार रुपयांच्या आसपास. एवढ्यात औषधाची बाटली येते. आणि लेख वाचून कळायचं काय, तर ती बाटली घ्यायची की नाही.

याच रागातून साय-हब जन्माला आलं. अलेक्झांड्रा एल्बाक्यान या कझाकस्तानच्या तरुणीने २०११ मध्ये ते सुरू केलं. ते पान सरकवत नाही. ते थेट स्वयंपाकघरात जातं: विद्यापीठांच्या लॉगिनमधून लेख काढून स्वतःच्या साठ्यात ठेवतं आणि मागेल त्याला देतं. डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी हे प्रकाशक दिल्ली उच्च न्यायालयात गेले. आपल्याकडच्या अनेक शास्त्रज्ञांनी साय-हबच्या बाजूने हस्तक्षेप अर्ज केले, ही त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते भारतात अडवायचा आदेश दिला. त्याच्या नावाने आज जी पानं फिरतात त्यातली काही नुसती जाळी आहेत. पीडीएफ म्हणून भलतीच फाइल उतरवतात. मी दुकानात ते उघडत नाही.

पण काकांना मी रिकाम्या हाती पाठवलं नाही, कारण संशोधनाच्या जेवणाचं एक वैशिष्ट्य आहे: ते बहुधा दुसऱ्याही कुठल्या तरी घरी शिजलेलं असतं.

बहुतेक संशोधन लेखांना डीओआय नावाचा एक कायमचा क्रमांक असतो, गाडीच्या चासीच्या नंबरासारखा. तो लेखाच्या नावाखाली छापलेला असतो. अनपेवॉल नावाचं एक फुकट एक्स्टेन्शन २०१७ पासून आहे. ते काहीही फोडत नाही. त्या क्रमांकाची कायदेशीर फुकट प्रत जगात कुठे ठेवली आहे का, एवढंच शोधतं. सापडली तर पानाच्या कडेला हिरवं उघडं कुलूप, नाही तर करडं बंद कुलूप. शास्त्रज्ञ आपल्या लेखाचा मसुदा विद्यापीठाच्या साठ्यात किंवा मघाच्या इंटरनेट अर्काइव्हसारख्याच उच्चाराच्या पण वेगळ्या, १९९१ पासून चालणाऱ्या 'आर्काइव्ह' या मसुद्यांच्या भांडारात ठेवतात. शेतीवाल्यांना त्या भांडाराचा उपयोग कमी, भौतिकशास्त्र आणि गणितवाल्यांना फार. काकांच्या लेखाला करडं कुलूप आलं.

मग गूगल स्कॉलर. शीर्षक टाकायचं, आणि निकालाच्या खाली "सर्व आवृत्त्या" अशी बारीक लिंक असते ती दाबायची. मोठ्या प्रकाशकाच्या पानाआड कधी लेखकाच्या स्वतःच्या पानावरची प्रत सापडते. तीही नाही मिळाली. पण त्याच लेखकांचा जुना एक लेख भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या नियतकालिकात होता, आणि परिषदेची नियतकालिकं ऑनलाइन खुली आहेत. तो आम्ही उतरवला.

त्यानंतर कृषिकोश. हे नाव इथल्या प्रत्येक बागायतदाराला माहीत असायला हवं आणि दहात एकालाही नसतं. देशभरच्या कृषी विद्यापीठांतले प्रबंध तिथे ठेवलेले आहेत. लेख म्हणजे बहुतेक वेळा प्रबंधाचा पिळून काढलेला रस. प्रबंधात तक्ते असतात, कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात, किती फवारण्या, सगळं. पीएच.डी.चे इतर विषयांचे प्रबंध शोधगंगावर, तेही लाखोंनी आणि फुकट. काकांना तिथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातला आंब्याच्या फुलकिड्यांवरचा एक प्रबंध दिसला आणि ते खुर्ची ओढून बसले. फुलकिडे म्हणजे थ्रिप्सच. पुस्तकातलं नाव वेगळं असल्यामुळे त्यांना इतकी वर्षं तो सापडला नव्हता. शोधताना दोन्ही नावं टाकावी, शिवाय किडीचं शास्त्रीय नाव.

मूळ लेख तरीही हवाच होता. काकांची पुतणी दापोलीला कृषीला आहे. एक राष्ट्र एक सदस्यता नावाची योजना केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३००० नियतकालिकं, आणि सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांमधल्या जवळजवळ १ कोटी ८० लाख विद्यार्थी-शिक्षकांना प्रवेश. ही योजना स्वयंपाकघराचं दार उघडते, पण ओळखपत्र असणाऱ्यांनाच. पुतणीला त्यातून वाचता येतं, काकांना नाही. ज्याच्या बागेसाठी संशोधन झालं तो योजनेच्या बाहेर, हा विनोद कोणाला सुचला असेल? पुतणीने लेख वाचून फोनवर मुख्य गोष्ट सांगितली. असं सांगण्याला कोणाची हरकत नसते.

आणि पाचवा मार्ग, जो मला सगळ्यात आवडतो. सारांशाच्या पानावर पत्रव्यवहारासाठी एका लेखकाचा ईमेल दिलेला असतो. आम्ही चार ओळी लिहिल्या: आम्ही देवगडचे बागायतदार, हा त्रास आहे, आपला लेख वाचायचा आहे, प्रत मिळेल का. इंग्रजी माझं, मजकूर काकांचा. शास्त्रज्ञाला आपला लेख कोणी मागितला याचा आनंदच होतो. मागणाऱ्याला एखादी प्रत पाठवायला बहुतेक प्रकाशकांची ना नसते.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२वं कलम खासगी वापर आणि संशोधनासाठी रास्त वापराची मुभा देतं. दुसरीकडे २०१२ मध्ये घातलेलं ६५-अ कलम म्हणतं, की हक्कभंगाच्या उद्देशाने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. स्वतः वाचणं आणि वाटत सुटणं यात मोठा फरक आहे. चाकरमान्यांच्या ग्रुपवर रोज सकाळी वर्तमानपत्रांच्या ई-पेपरच्या पीडीएफ येतात ना? त्या दुसऱ्या बाजूला मोडतात. मे २०२० मध्ये एका हिंदी दैनिकाच्या तक्रारीवर दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला असे चॅनल बंद करायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं होतं. मी स्वतः एका दैनिकाची वर्गणी भरतो आणि उरलेली वाचनालयात वाचतो. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून एकाच्या वर्गणीत अनेकांना वाचायला देत आलंय. तिथे पेपर चाळणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही.

ईमेलचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. सोबत पीडीएफ, आणि खाली एक ओळ: बागेत काय दिसतंय ते आम्हालाही कळवा. काका दुकानात आले, चष्मा लावून पहिलं पान वाचलं, मग म्हणाले, पडद्यावर जमत नाही, कागदावर काढ. अकरा पानं झाली. मी पिन मारून हातात दिली आणि पंचावन्न रुपये सांगितले.

काकांनी माझ्याकडे बघितलं, कागदांकडे बघितलं. "शास्त्रज्ञान फुकट दिल्यान, नि तू पंचावन घेतंस?"